भंडाऱ्याची आण

धाकट्या दिरांची दारू जेलात गेल्यामुळे थांबली, असं मी कुणाला सांगितलं की आमच्या ह्यांना राग येतो. "जेलाचं कशाला काढत बसतेस?" म्हणतात. का नाही काढायचं? भाऊजी पिऊन पडायचे तेव्हा आमच्या सगळ्या पणदरे गावाला माहीत होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही, घरातली गोष्ट आहे, बाहेर बोलू नका. मग चांगलं झालं तेवढंच झाकून ठेवायचं, हा कुठला न्याय?

मी गावात दूध संकलन केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, मी नमुना घेते, फॅट काढते, पावती देते. रांगेत उभा राहिलेला माणूस जे बोलतो ते देवळातसुद्धा बोलत नाही. त्यामुळे घरची भानगडही मला आधी रांगेतच कळली. पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण झालं होतं, भाऊजी प्यालेले होते, आणि फावड्याच्या दांड्यानं त्यांनी शेजाऱ्याचा हात मोडला होता. शेजारी गरीब स्वभावाचा. त्याच्या हाताला प्लास्टर बसलं आणि आमच्या आबांची मान खाली गेली.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या शब्दाला गावात वजन. भांडण सोडवायला लोक त्यांना बोलावणार, आणि त्यांच्याच पोराला पोलिसांनी गाडीत घालून नेलं. आबांनी त्या दिवसापासून धाकट्याचं नाव टाकलं. जेवताना पाटावर एक माणूस कमी आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही. सासूबाई असत्या तर कळलं असतं, त्या आधीच गेल्या होत्या.

जामीन लवकर झाला नाही. जेलातले पहिले दिवस भाऊजींना फार जड गेले. हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या चालताना दिसायला लागल्या, कुणीतरी गळा दाबतंय म्हणून ते ओरडायला लागले. बराकीतल्या लोकांना वाटलं, सोंग करतोय. पण तिथल्या डॉक्टरांनी ओळखलं, की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की असं होतं आणि त्यात माणूस दगावूसुद्धा शकतो. त्यांनी औषधं दिली आणि लक्ष ठेवलं. भाऊजी जगले ते त्या डॉक्टरांमुळे. कोण, कुठले, मी त्यांना पाहिलेलंही नाही, पण देवाला हात जोडताना त्यांची आठवण येते.

मग तिथे एक मॅडम यायच्या. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या. आठवड्यातून एकदा कैद्यांना गोल बसवून बोलतं करायच्या. मी भेटीला गेले तेव्हा काचेपलीकडून भाऊजी फोनवर म्हणाले, "वैनी, ही बाई दारू वाईट हाय असं म्हणतच न्हाय."

"मग काय म्हणते? चांगली आहे म्हणते?"

"न्हाय वो. इचारती, दारूनं तुला काय दिलं? आजपातुर असं कुणी इचारलंच न्हवतं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हनलं, संध्याकाळ दिली. दिसभर काम हाय, रात्री झोप हाय. मधल्या येळंला मानसानं काय करायचं, सांगा की."

मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. पंधरा-वीस जणांचं कुटुंब असो की चार माणसांचं, शेतावरून आलेल्या एकट्या पुरुषाला संध्याकाळी करायला खरंच काही नसतं. बायकांना चूल असते. पुरुषाला पार असतो, आणि पारावरून देशीचं दुकान दिसतं. भाऊजींची सोयरीक दारूपायी मोडलेली, त्यामुळे घरात वाट बघणारंही कुणी नव्हतं.

काही महिन्यांनी जामीन झाला, तेव्हा सुटकेच्या आधी मॅडमनी घरच्यांना बोलावलं. आबा आले नाहीत. "मी जेलाची पायरी चढनार न्हाय," एवढंच म्हणाले. मी आणि हे गेलो. आम्हाला वाटलं होतं, बाई उपदेश करतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ते घरी आल्यावर पहिली संध्याकाळ कशी जाईल?"

हे म्हणाले, "देवाच्या कृपेनं चांगली जाईल."

"आणि देवाला त्या वेळी दुसरं काम असलं तर?"

मला हसू आलं. ह्यांना नाही आलं. पण त्या प्रश्नामुळेच ठरलं, की संध्याकाळचं दूध भाऊजींनी केंद्रावर आणायचं. धारा काढायच्या, किटल्या गाडीला अडकवायच्या, माझ्याकडे यायचं, शेवटचा माणूस जाईपर्यंत किटल्या उचलू लागायचं. मी म्हटलं, "म्हणजे माझी नजरही राहील." मॅडम म्हणाल्या, "नजर ठेवू नका, काम द्या. नजर त्यांच्यावर सगळं गाव ठेवणारच आहे." जाताना त्यांनी आणखी एक बजावलं. इतके महिने न प्यालेलं शरीर जुनं माप विसरलेलं असतं. पूर्वीइतकी एकदम प्याली तर ती झेपत नाही, म्हणून घसरले तर लपवू देऊ नका, लगेच दवाखाना.

सुटकेच्या दिवशी आम्ही फाटकापाशी पोचलो तर आमच्याआधी दोन पार्ट्या हजर. एक भाऊजींच्या दोस्तांची. जीप, गुलाल, हार, आणि वाटेतल्या ढाब्यावर मटणाची ऑर्डर देऊन आलेले. आपल्याकडे माणूस निवडणूक जिंकून येवो नाहीतर जेलातून, स्वागत एकच. दुसऱ्या बाजूला एकटा माणूस उभा होता. काळा, आडव्या अंगाचा, हातात स्टीलचा मोठा डबा.

ते पळसदेवचे दादा. उजनीच्या पाण्यात मासेमारी करायचे. दारूपायी स्वतः जेलात जाऊन आलेले आणि मग मॅडमच्या सांगण्यावरून सुटणाऱ्यांची सोबत करणारे. नम्रपणा नावाला नाही. पहिल्याच वाक्यात त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्यासारखा पिणारा इंदापूर तालुक्यात झाला नाही आणि त्यांच्यासारखा सोडणाराही नाही. मला वाटलं, आता हा माणूस गाडीभर डोकं खाणार. खाल्लंच.

भाऊजी बाहेर आले तसे दोस्त धावले. दादा मध्ये उभे राहिले. "हार घाला की, फोटो काढा. मानूस मातर माझ्यासंगं येतोय."

"तू कोन?"

"मी ह्याचा पाव्हना." आणि डबा उघडून तिथेच फुटपाथवर भाऊजींना जेवायला बसवलं. भाकरी आणि माशाचं कालवण. मला म्हणाले, "ताई, उपाशी मानसाला आधी दारू आठवती, मग आई. पोट भरलं की उलटं हुतं." ढाब्याची ऑर्डर दिलेले दोस्त बघत बसले. जेवलेल्या माणसाला मटणाला कसं न्यायचं?

एसटीत त्यांनी भाऊजींना खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला. म्हणजे उतरायचं तर दादांना ओलांडून जावं लागणार, आणि त्यांना ओलांडणं सोपं नव्हतं. जेजुरीला गाडी थांबली, मोरगावला थांबली, बारामतीच्या स्टँडवर बदलली, दादा हलले नाहीत. पाणीसुद्धा माझ्याकडून मागवलं. वाटभर त्यांचं पुराण चालू. कुठल्या पुलाखाली पडले, कुठल्या पाहुण्याच्या लग्नात मार खाल्ला. भाऊजी हसत होते. मी त्यांना कितीतरी वर्षांनी शुद्धीत हसताना बघितलं, आणि मग दादांच्या फुशारक्यांचा मला राग येईना.

घरी आबा दारातच उभे होते. देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी त्यांच्या हातात होती, तीत बेलाचं पान ठेवलेलं. आमचं कुलदैवत खंडोबा. आमच्या भागात बेलभंडारा उचलला की तो शब्द शेवटचा. आबांनी आयुष्यात असे किती तंटे मिटवले होते. त्यांना वाटलं, पोराचाही मिटेल.

"उचल," आबा म्हणाले. "पुन्ना शिवनार न्हाय म्हन, आन मग उंबरा वलांड."

दादा पुढे झाले. ते कोण, काय करतात, हे ह्यांनी वाटेतून फोनवर आबांना सांगितलं होतं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आबा, आन घालू नका. पानी द्या, घरात घ्या. मी तीन देवांच्या आना मोडल्यात. मोडली की मानूस घरला येत न्हाय. तोंड कसं दावायचं?"

"मोडायची कशापायी?" आबा म्हणाले. "आमच्यात मोडत न्हाईत. आन हे बगा, मासं धरायचं असंल तवा तुमाला इचारीन."

मला त्या वेळी आबांचा संताप आला आणि तो मी बोलूनही दाखवला. "आबा, माणूस दमून आलाय, आधी आत तर येऊ द्या." पण तोवर भाऊजींनी वाटीत हात घातला होता. पिवळी बोटं कपाळाला लावून ते आत आले. दादांनी चहा घेतला, आपला नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिला आणि शेवटची एसटी धरायला निघाले. जाताना भाऊजींच्या कानात काहीतरी म्हणाले.

नंतरचे महिने मी विसरणार नाही. भाऊजींनी जे केलं ते बघून माझा ऊर भरून यायचा. रोज संध्याकाळी किटल्या घेऊन यायचे. ज्याचा हात मोडला तो शेजारीही त्याच रांगेत. पहिल्या दिवशी दोघंही जमिनीकडे बघत राहिले. काही दिवसांनी भाऊजींनी न बोलता त्याची किटली उचलून काट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं किटली भाऊजींच्या पायाशीच आणून ठेवली. टोमणेही व्हायचे. "दुधात पानी न्हाय ना? न्हाय, गिलासात पानी वतायची लय सवय तुमाला." भाऊजी ऐकून घ्यायचे. मला ऐकून घेता येत नाही. मी त्या गृहस्थाला सगळ्यांसमोर त्याच्याच दुधाचं कमी आलेलं फॅट मोठ्यानं वाचून दाखवलं. आठवड्याला बारामतीच्या सरकारी दवाखान्यात जायचं, गोळ्या आणायच्या, तिथल्या बैठकीत बसायचं, हे भाऊजींनी कधी चुकवलं नाही. दादांचा फोन यायचा. दारूबद्दल चकार शब्द नाही. मासे किती लागले, कुणाचं जाळं फाटलं, असलंच काहीतरी. फोन ठेवताना मात्र विचारायचे, "जेवलास का?"

आणि एका संध्याकाळी दूध आलं नाही.

कालव्याच्या पुलाजवळच्या वाडीत हळदीचा कार्यक्रम होता, बँड वाजत होता. भाऊजी धारा काढून निघाल्याचं ह्यांनी पाहिलं होतं. केंद्र बंद करून मी निघाले तर रस्त्यात लोकांनी सांगितलं, तुमची गाडी कालव्याच्या पुलापाशी उभी आहे. गाडी होती. किटल्या तशाच अडकवलेल्या, झाकणं घट्ट. चावी गाडीलाच. माणूस नाही.

कालवा भरून वाहत होता. हे काठाकाठानं पळत गेले. पोरं बॅटऱ्या घेऊन आली. आबा आले. ते पाण्याकडे बघत पुलाच्या कठड्याला धरून उभे राहिले. हळदीतल्या कुणीतरी येऊन सांगितलं, की दोस्तांनी पाजली, त्यानंही घेतली, आणि मग एकाएकी रडायला लागला आणि उठून गेला. आबांनी ते ऐकलं. मी त्यांना घरी चला म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओळखीचीच नाही. ती रात्र कशी गेली ते मी लिहिणार नाही.

दादांना मी किती वेळा फोन लावला, लागला नाही. सकाळच्या दुधाची रांग चालू असताना त्यांचाच आला. "ताई, मानूस माझ्याकडं हाय. रातच्या गाडीनं आला. मी पान्यावर हुतो, फोन बंद हुता माझा, माझंच चुकलं. दवाखान्यात दावलंय, बरा हाय. पर घरला न्हाय म्हनतोय." मी मशीन तसंच टाकून खाली बसले आणि रडले. रांगेतल्या बायकांनी माझ्या हातातून नमुन्याच्या बाटल्या काढून घेतल्या.

मग कळलं. प्याल्यावर गाडी चालवायची नाही, हे मॅडमच्या बैठकीत त्यांनी मनाशी ठरवलेलं. म्हणून हळदीला जाताना पुलापाशी लावलेली गाडी तशीच सोडली, चालत रस्त्यावर आले आणि मिळेल त्या गाडीनं बारामती, तिथून भिगवण, तिथून पळसदेव. ज्याला आम्ही मरण समजून पाण्यात शोधत होतो, तो शहाणपणा होता.

मी आबांना म्हटलं, "आणायला तुम्हाला यावं लागेल." मला वाटलं, वाद घालतील. ते तोवर चप्पल घालून, ह्यांनी गावातून मागून आणलेल्या जीपमध्ये जाऊन बसले होते.

पळसदेवला पाण्याच्या काठावर दादांचं पत्र्याचं घर. भाऊजी बाहेर बसून जाळं शिवत होते, वाईट शिवत होते, दादा त्यांना शिव्या देत होते. आम्हाला बघून दादा उठून आत गेले. भाऊजींनी मान वर केली नाही.

"आबा, मी भंडारा मोडला," ते म्हणाले. "आता मी घरला आलो तर देवाचा कोप घरावर येनार. दादाची पोरगी हाय, तुमी म्हातारं हाय. मी हितंच ऱ्हातो."

म्हणजे त्या माणसानं प्यालेल्या अवस्थेतसुद्धा आमच्या घराचा विचार केला होता. दादा म्हणजे आमचे हे, दादाची पोरगी म्हणजे माझी मुलगी. तिला काही होऊ नये म्हणून ते घर सोडून आले होते.

आबा वाळूत त्यांच्यासमोर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते खाली बसत नाहीत, पण बसले. त्यांनी जाळ्याची एक गाठ बोटात धरली.

"भंडारा तू न्हाय उचलला," ते म्हणाले. "मी उचलायला लावला. ह्या मानसानं सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाय. तवा मोडल्याचं जे काय असंल ते माझ्या अंगावर. मी बघंन आन खंडोबा बघंल. तुजा त्यात संबंध न्हाय."

भाऊजी रडायला लागले. आबांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलं नाही. ते नुसतं म्हणाले, "ह्याम्होरं प्यालास तरी घरला ये. पिऊन ये, पडत ये, पर ये."

आतून दादा चहा घेऊन आले. ते सगळं ऐकत होते हे उघड होतं, कारण एवढा बडबड्या माणूस, पण चहा हातात देताना त्यांच्या तोंडातून शब्द आला नाही. परत येताना आबांनी त्यांना गाडीपाशी बोलावलं आणि म्हणाले, "मासं कसं धरत्यात ते एकदा बघायला यीन म्हनतो." दादा लगेच नेहमीसारखे झाले. "या की आबा, माझ्यासारका धरनारा हितं कोन हाय?"

आबांची मला मोठी गंमत वाटते आणि मोठा अभिमानही. त्या वयात, सगळा जन्म शब्दाला जपलेल्या माणसानं आपला शब्द मागे घेणं सोपं नसतं. पण बोलणं वेगळं आणि वेळ आल्यावर तसं वागणं वेगळं, हेही मला ठाऊक होतं. पळसदेवला आम्ही घरचे आणि दादा एवढेच होतो. गावात शंभर डोळे होते. तिथे आबा काय करतील, याची धास्ती माझ्या मनातून गेली नव्हती. त्यानंतर आबा संध्याकाळी केंद्रावर येऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसायला लागले. वारा चांगला असतो म्हणायचे. त्या कट्ट्यावर वारा कधीच नसतो.

आणि वेळ आली. उसाला तोड चालू होती. संध्याकाळची रांग लांब होती, रस्त्यापर्यंत गेलेली. भाऊजी चालत आले. गाडी नव्हती, दोन्ही हातांत किटल्या. चेहरा बघूनच मी समजले. ते रांग सोडून सरळ खिडकीपाशी आले, किटल्या खाली ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैनी, आज घेतलीया. गाडी मळ्यातच ठिवली. सांगाया आलो."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाय." मी खिडकीतून बाहेर बघितलं. आबा काठी टेकत उठले होते. ते पोरापाशी आले. मला खरोखर वाटलं, आता काठी वर जाणार, आणि मी खिडकी सोडून दाराकडे धावले.

आबांनी काठी भाऊजींच्या हातात दिली. स्वतः वाकून एक किटली उचलली, काट्यावर ठेवली, मग दुसरी. रांगेला थांबावं लागलं. पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला कट्ट्यावर बसवलं आणि मला म्हणाले, "त्या पळसदेवच्याला फोन लाव. आन थोरल्याला सांग, आधी दवाखान्यात जायचंय." मी ह्यांना हाक मारली, ते जीप मागून आणायला गेले.

मागं कुणीतरी अजून हसत होतं. आबा वळले.

"हसा की," ते म्हणाले. "पिऊन आलाय, पर घरला आलाय. मागल्या येळंला मी ह्याला कालव्यात हुडकत हुतो."